शीट दोनवरची सही

काका, आपल्या लाकडी जहाजाला तुम्ही मारलेल्या फळ्या मी काढायला घेतल्यात. आधीच सांगून टाकते. डावी बाजू पूर्ण सुटली, उजवीकडच्या नऊ उरल्यात. रबिंग अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा भिजवायचा, जोडावर दाबून धरायचा, गोंद मऊ पडला की पातळ सुरी घालून फळी अलगद उचलायची. ही युक्ती तुमचीच. चुकलेलं लाकूड तोडायचं नाही, सोडवायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. तेव्हा आता तिथून ओरडू नका.

तिथून म्हणजे कुठून, हाही प्रश्नच आहे. आपण आत्मा-बित्मा मानत नाही, आणि तुम्ही तर कोणी नुसतं ‘वरून बघत असतील’ म्हटलं तरी चिडायचात. म्हणजे मी ज्या माणसाशी भांडायला बसलेय तो कुठेच नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी भांडणार. तुम्ही दुसरा मार्गच ठेवला नाहीत.

मागच्या रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये तुमचं पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण, पंचशील झालं, मग एकेक जण बोलायला उठला. जाधव साहेब चिपळूणजवळच्या खेड्यातून मुंबईला आले, जहाजांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये चौतीस वर्षं काढली, शिस्तीचे होते, मितभाषी होते. मितभाषी! इंग्रज लोक जहाजासाठी ओकचं झाड कसं निवडायचे यावर मी तुमच्याकडून एका शनिवारी सलग दीड तास ऐकलंय, आणि मला बाथरूमला जायचं होतं. मग मिलिंदने, तुमच्या मुलाने, माइक माझ्या हातात दिला. म्हणाला, “प्रज्ञाताई, तुम्ही बोला. लास्ट तीन वर्षं सगळ्यात जास्त पप्पांसोबत तुम्हीच होतात.” मी उभी राहिले, ‘काकांनी मला’ एवढं म्हटलं आणि थांबले. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू नव्हतं आलं. पुढचा शब्द ‘फसवलं’ होता, आणि तो पुण्यानुमोदनात म्हणता येत नाही. मी खाली बसले. राहुलने, माझ्या नवऱ्याने, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

ते वाक्य मी इथे पुरं करणार आहे.

याच हॉलमध्ये आपण पहिल्यांदा भेटलो होतो, २००३च्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या कार्यक्रमाला. मला अमेरिकेत, या कॅरी गावात येऊन चार महिने झाले होते. राहुलचा एच-वन, माझा एच-फोर. म्हणजे नवऱ्याने काम करायचं आणि बायकोने करायचं नाही, असा सरकारी शिक्का. नागपूरला मी पाच वर्षं एका बांधकाम कंपनीत ड्रॉइंग काढत होते. इथे दुपारी अपार्टमेंटच्या बाल्कनीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजत होते. तुम्ही जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे होतात. ‘जय भीम’ झालं आणि तुम्ही मागे वळून विचारलंत, “काय करतेस गं तू?”

“काही नाही काका. डिपेंडंट आहे.”

“व्हिसा नाही विचारला. येतं काय तुला?”

“ड्रॉइंग.”

“पेन्सिलीने की माउसने?”

“दोन्हीनं.”

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मीच तुमच्या ताटात दोन पुऱ्या जास्त वाढल्या होत्या. “शनिवारी गॅरेजमध्ये ये,” एवढं म्हणून तुम्ही वरणाकडे सरकलात. कुठलं गॅरेज, कोणाचं, काही नाही. राहुलने मिलिंदला फोन करून पत्ता काढला.

मिलिंदच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसायची. ती बाहेर ड्राइव्हवेत, आणि वसंतात पाइनच्या परागांनी पिवळी व्हायची, आणि स्मिता, तुमची सूनबाई, चिडायची. आत एक जुना दरवाजा सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकलेला, त्यावर लायब्ररीतून मागवलेल्या जाड पुस्तकातल्या नकाशाच्या फोटोकॉपी. सतराव्या शतकातलं इंग्रजांचं सत्तर तोफांचं लढाऊ जहाज. तुम्हाला ते लाकडात बांधायचं होतं, एका फुटाला पाव इंच या मापाने, एकेक फासळी वेगळी करून, ते लोक बांधायचे तसंच. चौतीस वर्षं पोलादी जहाजांच्या रेषा काढल्या आणि एकही जहाज स्वतःच्या हाताने बांधलं नाही, ही तुमची खंत होती. कागद आमचा, जहाज दुसऱ्याचं, असं तुम्ही म्हणायचात.

मी पहिल्याच दिवशी टोचलं. “काका, बांधून बांधून इंग्रजांचं? ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचं?”

“त्यांच्या आधी कोण करत होतं आपल्यावर राज्य?” तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात. “आणि हे साहेबांनी नाही बांधलेलं. सुतारांनी बांधलंय. सुताराचं काम बघ.”

मग तुम्ही ते काम दाखवलंत. त्या सुतारांकडे मोठं गणित नव्हतं. कंपास, पट्टी आणि अनुभव. फासळीचा प्रत्येक बाक हा कुठल्या ना कुठल्या वर्तुळाचा तुकडा; तळाचं वर्तुळ मोठं, पोटाचं लहान, वर पुन्हा आत वळणारं. कुठल्या वर्तुळाला किती माप, हे बाप मुलाच्या कानात सांगायचा आणि बाहेरच्याला कळू द्यायचा नाही. हे सांगताना तुमचा आवाज जरा बदलायचा. कानात सांगितलेल्या विद्येच्या बाहेर उभं राहणं म्हणजे काय, ते तुमच्या-माझ्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. “म्हणून कागद गं,” तुम्ही म्हणायचात, “कागदावर उतरलं की कोणीही वाचू शकतो.”

आणि म्हणून ते चौकटीचं प्रकरण. मी पहिली शीट काढून आणली, राहुलच्या जुन्या लॅपटॉपवर काढून कॉपी शॉपमधून मोठ्या कागदावर छापलेली, आणि तुम्ही रेषा बघायच्या आधी उजवा खालचा कोपरा बघितलात.

“चौकटी कुठायत?”

“कसल्या?”

“काढले कोणी, तपासले कोणी. त्याशिवाय हे ड्रॉइंग नाही, चित्र आहे. घेऊन जा.”

मी घरी जाऊन चौकटी टाकून आले. आपण दोघं, गॅरेजमध्ये, एक खेळण्याएवढं जहाज, आणि त्याला ‘काढले’ आणि ‘तपासले’! मला हसू येत होतं. तुम्हाला येत नव्हतं. ज्याने काढलं त्याने तपासायचं नाही, कारण आपली चूक आपल्याला दिसत नसते, हा नियम तुम्ही मला त्या दिवशी सांगितलात. आणि दुसरा: एकदा तपासणाऱ्याने सही केली की त्यापुढे चूक त्याची. काढणाऱ्याला कोणी विचारायचं नाही. मग तुम्ही सांगितलंत की अकरा वर्षं तुमचं नाव फक्त ‘काढले’च्या चौकटीत होतं. तुमच्यानंतर लागलेले लोक तपासायला बसले, तुम्ही काढतच राहिलात. का, ते कोणी तोंडाने बोललं नाही, पण सर्व्हिस बुकातला जातीचा रकाना सगळ्यांना वाचता येत होता. बाराव्या वर्षी एका नव्या साहेबाने तुमच्यापुढे शीट सरकवली आणि ‘जाधव, चेक करा’ म्हणाला. त्या दिवशी तुम्ही घरी जाताना जिलेबी नेलीत. हे सगळं तुम्ही सॅंडपेपर घासत घासत सांगितलंत, माझ्याकडे न बघता.

तीन वर्षं शनिवार गेले तसे. मला त्यातलं सगळं आठवतं आणि सध्या सगळ्याचाच राग येतो. चर्चच्या पार्किंगमध्ये तुम्ही मला गाडी थांबवायला लावली होती, एका वाकड्या ओकसाठी. इंग्रज लोक वाकडी झाडं शोधत जंगलं फिरायचे, कारण सरळ लाकूड कापून बाक काढला तर तो मोडतो, झाडातच बाक असेल तर टिकतो. तुम्ही खाली उतरून फांदीखाली उभे राहिलात, हातवारे करत. आतून एक गोऱ्या आजी आल्या, काही मदत हवी का विचारायला. त्यांना आपला संशय आला असणार. तुम्ही सरळ त्यांना म्हणालात, “मॅडम, युअर ट्री इज अ व्हेरी गुड शिप.” आजी आधी बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांनी आपल्याला आत नेऊन गोड आइस्ड टी पाजला. परतताना तुम्ही म्हणालात, “ह्या लोकांना झाड कळतं.” मी म्हटलं, “काका, त्यांना काही नाही कळलं, त्या फक्त चांगल्या होत्या.” हे भांडणही आपलं राहूनच गेलंय.

आणि पट्ट्याची गोष्ट. ती तुम्ही किती वेळा सांगितलीत! त्या इंग्रज सुतारांची जहाजं कधी कधी चुकून अरुंद व्हायची. पाण्यात उतरवली की कलायची, खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकायच्या. मग जहाज परत आणायचं, पोटाभोवती जाड लाकडाचा आणखी एक थर चढवायचा. नाहीतर फळ्या उचकटून फासळ्यांवरच पट्ट्या ठोकायच्या आणि पुन्हा फळ्या मारायच्या. तुम्हाला ही गोष्ट भारी आवडायची. राजाचं जहाज, सोन्याचा मुलामा, आणि पोटावर ठिगळ. “पण लपवायचे नाहीत हं,” तुम्ही म्हणायचात. “सगळ्या गोदीला दिसायचं. चुकलं, दुरुस्त केलं, चला पुढे.”

लपवायचे नाहीत हं. हे वाक्य लक्षात ठेवा काका, मी पुन्हा त्याच्यावर येणार आहे.

आपलं ठरलं होतं की खालचा भाग उघडा ठेवायचा. तिथले कारागीर असे छोटे नमुने करायचे, त्यात पाण्याखालच्या भागाला फळ्याच नसायच्या, फासळ्या सगळ्या दिसायच्या. हे तुम्हीच मला पुस्तकात दाखवलंत. फासळ्या माझ्या होत्या. शीट दोनवर मी काढलेल्या, चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. अमेरिकेत येऊन मी केलेलं एकमेव काम ते होतं. स्वयंपाक आणि कपडे सोडून. गावाकडे फोन केला की आई विचारायची, “काय करतेस दिवसभर?” आणि मी म्हणायची, “जहाजाच्या फासळ्या काढते.” आई मग राहुलच्या जेवणाचं विचारायची. पण ते खरं होतं, आणि कोणीही येऊन बघू शकेल असं राहणार होतं. त्यावर तुम्ही शब्द दिला होतात.

२००५च्या नोव्हेंबरमध्ये मी नागपूरला गेले, बहिणीच्या लग्नाला. फासळ्या सगळ्या कण्यावर उभ्या करून गेले होते. परत यायला फेब्रुवारी उजाडला, कारण व्हिसाचा शिक्का मिळायला वेळ लागला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेटलॅगमध्ये, तुमच्यासाठी संत्रा बर्फी घेऊन मी गॅरेजमध्ये आले. आणि जहाजाला फळ्या मारलेल्या होत्या. उजवी बाजू पूर्ण, डावी अर्धी. एकही फासळी दिसत नव्हती.

“हे काय केलं काका?”

“फळ्या मारल्या.”

“ते दिसून राहिलं मला. काहून मारल्या? आपलं काय ठरलं होतं?”

“जहाज आहे. जहाजाला फळ्या असतात.”

“तीन वर्षं तुम्ही मला पुस्तकं दाखवली ती?”

तुम्ही हातातली फळी उलटी-सुलटी करत राहिलात. मग मी ते विचारलं. मी ते विचारायला नको होतं, पण सव्वीस तासांचा प्रवास डोक्यात होता आणि मला खरंच तसं वाटत होतं. “तुम्हाला माझ्या कामाची लाज वाटते का?”

तुम्ही म्हणालात, “तुझ्या कामाची नाही.”

एवढंच. आणि लाकूड घासायचा सॅंडर चालू केलात. त्या आवाजात पुढे काही बोलता येत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. मी बर्फीचा बॉक्स वॉशिंग मशीनवर ठेवला आणि निघाले.

अकरा आठवडे मी आले नाही. राहुल म्हणायचा, “सोड ना यार, एज्ड माणूस आहे, एक फोन कर.” मी म्हणायची, एज्ड माणसाने करावा. आणि तुम्ही केलात. एप्रिलच्या शेवटी आन्सरिंग मशीनवर तुमचा आवाज होता: “प्रज्ञा, जाधव बोलतोय. जरा येऊन जा. येताना शीट दोन घेऊन ये. मूळची, सहीची.” बस. ना ‘कशी आहेस’, ना ‘चुकलं माझं’. मला वाटलं, बघा, कागद हवाय, मी नकोय. मी ठरवलं, जाईन पुढच्या शनिवारी. पुढच्या शनिवारी कपडे धुवायचे होते. त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी मिलिंदचा फोन आला.

तो मेसेज मी पुसून टाकला होता. मशीन भरलं होतं म्हणून. तुमचा आवाज माझ्याकडे नाही, हे मी अजून राहुलला सांगितलेलं नाही.

मग स्मिताने फोन केला. “ताई, जहाज तुम्हीच न्या. आम्हाला त्यातलं काही कळत नाही, आणि मिलिंद ते बघून गॅरेजमध्येच जात नाहीये.” जहाज मी पुढच्या सीटवर ठेवलं, खाली उशी, वरून सीटबेल्ट. मे महिन्याची गरमी, मिलिंदच्या घरापासून आमच्या अपार्टमेंटपर्यंत सोळा मिनिटं. सिग्नलला थांबले तेव्हा टक्कन आवाज आला. डाव्या बाजूची एक फळी टोकाला सुटली होती. तुमच्या हातची फळी सुटणं मला पटेना. गोंद घाईत लावला होतात की काय?

घरी डायनिंग टेबलवर ठेवून मी ती फळी उचलली आणि आत बघितलं. माझ्या फासळ्यांवर, प्रत्येकीवर, बाहेरच्या अंगाने एक बारीक पट्टी चिकटवलेली होती. दोन मिलिमीटर जाडीची. फासळ्या नाशपातीच्या लाकडाच्या, पट्ट्या चेरीच्या, लालसर. एकेक पट्टी त्या फासळीच्या बाकाप्रमाणे वाफेवर वाकवलेली, खालपासून वरपर्यंत, कुठे केसाएवढी फट नाही. दोन्ही बाजू धरून अठ्ठ्याऐंशी. मी नागपूरला असताना हे तुम्ही एकट्याने, त्या थंड गॅरेजमध्ये बसून केलं होतंत.

मला कळायला पाच मिनिटं लागली. त्या जुन्या नकाशातली रेष ही फासळीच्या बाहेरच्या कडेची असते. फळी तिच्यावर बसते, ती रेषेत धरलेलीच नसते. मी समजले की रेष फळीच्या बाहेरची. म्हणून मी फळीची जाडी वजा केली. कॉम्प्युटरवर एक कमांड, चव्वेचाळीस चुका. आपलं जहाज दोन्हीकडून दोन-दोन मिलिमीटर बारीक झालं होतं. डेकच्या आडव्या तुळया मात्र मी शीट तीनवर मूळ मापाने काढल्या होत्या. त्या बसवायला गेलात आणि बसेनात, तेव्हा तुम्हाला समजलं असणार.

आणि मग तुम्ही पट्ट्या लावल्यात, आणि पट्ट्या दिसू नयेत म्हणून फळ्या मारल्यात, आणि फळ्या का मारल्या ते विचारलं तर सॅंडर चालू केलात.

काका, तुम्हाला सांगते, मी त्या खुर्चीत बसून तुम्हाला जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. लपवायचे नाहीत हं, म्हणणारा माणूस! मला काय समजलात? पोरगी रडेल, बिचारी व्हिसावर आहे, तिचं एवढंच एक काम, तेही चुकलं हे कशाला सांगा? पाच वर्षं मी साइटवरच्या इंजिनियरच्या शिव्या खाल्ल्यात. माझी भिंत नऊ इंच सरकली होती एकदा, आणि मी पाडून घेतली होती. मला चूक सांगितली असती तर मी त्याच दिवशी फासळ्या उतरवल्या असत्या आणि सगळ्या नव्याने काढल्या असत्या. तुम्ही मला तेवढंही समजला नाहीत, असं मला वाटलं. त्याच संध्याकाळी मी पहिली फळी काढली. रागानेच.

फळ्या काढताना चौथ्या दिवशी मला तुमचा तो मेसेज आठवला. शीट दोन. मूळची, सहीची. ती शीट माझ्याकडेच होती, कपाटामागे गुंडाळी करून ठेवलेली. मी ती टेबलवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. वजा केलेल्या जाडीची चूक आता आंधळ्यालाही दिसली असती. मग उजवा खालचा कोपरा. काढले: प्रज्ञा. तपासले: जाधव. तुमची ती सही, जोरात ओढलेली, ‘व’ची शेपटी चौकटीबाहेर गेलेली.

तुम्ही तपासली होतीत.

पोलादी जहाजातसुद्धा रेष पत्र्याच्या आतल्या अंगाची धरतात, काका. चौतीस वर्षं तुम्ही तेच केलंत. हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतंत. आणि तुम्ही त्याच्यावर सही केलीत. माझ्यावर विश्वास ठेवून न बघता केलीत? की बघितलंत आणि दिसलं नाही? त्या वर्षी तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा कॅन्सल केलं होतंत. का, ते मी विचारलं नाही. आता कोणाला विचारू? मिलिंदला? त्याला शीट दोन म्हणजे काय तेही माहीत नाही.

“तुझ्या कामाची नाही.” तुम्ही खोटं बोलत नव्हतात तर. मी लाजेबद्दल विचारलं, आणि तुम्ही मला खरं उत्तर दिलंत, आणि मी त्यातलं अर्धंच ऐकलं. सही झाल्यावर चूक तपासणाऱ्याची. ज्या चौकटीत शिरायला तुम्हाला अकरा वर्षं लागली, तिच्यात बसून तुम्ही चूक पास केली होतीत. ती माझ्यापासून लपवायची होती तुम्हाला. माझी चूक नव्हे, तुमची सही. आणि एप्रिलपर्यंत तेही सहन झालं नाही तुम्हाला, म्हणून फोन केलात, शीट घेऊन ये म्हणालात. त्या गॅरेजमध्ये कागद पसरून, बोट ठेवून, मला सांगणार होतात. आणि मी कपडे धूत बसले.

यात मी कोणावर रागावू? तुमच्यावर रागावते तर तुम्ही सांगायला निघाला होतात. माझ्यावर रागावते तर त्याने तुम्ही परत येत नाही. म्हणून मी फळ्या काढते. हाताला काम असलं की बरं पडतं. तेवढंच त्या गॅरेजने मला पक्कं शिकवलं, आणि त्याबद्दल तुमचे उपकार आहेत. हे मी रागात असतानाच म्हणून घेते, एरवी म्हटलं की तुम्ही विषय बदलायचात.

ग्रीन कार्डच्या अर्जासोबत मागितलेलं माझं वर्क परमिटचं कार्ड तुम्ही गेल्यानंतर सोळाव्या दिवशी आलं. पाकीट फोडलं आणि हात फोनकडे गेला. तुमच्या घरचे सात आकडे दाबून झाल्यावर मी फोन ठेवला. पुढच्या बुधवारी शेजारच्या रॅले शहरात एका छोट्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये इंटरव्ह्यू आहे. बाईंनी फोनवर सांगितलं, केलेल्या कामाच्या दोन-तीन शीट घेऊन या. राहुल म्हणाला, नागपूरच्या बिल्डिंगच्या घेऊन जा, त्या सेफ आहेत. मी शीट दोन नेणार आहे. चूक असलेली. त्यांनी विचारलं तर सांगेन, कुठे चुकलं, कसं दुरुस्त झालं, आणि किती सुरेख दुरुस्त झालं.

जहाज उघडंच राहील. माझ्या पिवळट फासळ्या आणि त्यांच्यावर तुमच्या लाल पट्ट्या, सगळ्या गोदीला दिसतील अशा. तुम्हाला आवडणार नाही. नाही आवडलं तर नाही.

शीट दोन मी नव्यानेही काढली, बरोबर रेषेची. कालच छापून आणली. चारदा मोजली, पाचव्यांदा राहुलला आकडे मोठ्याने वाचायला लावले. उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी टाकल्या. ‘काढले’च्या चौकटीत माझं नाव लिहिलं. मग पेन बराच वेळ दुसऱ्या चौकटीवर धरून बसले. राहुल म्हणाला, “तूच साइन कर ना, कोण बघणारे?”

नाही करता येत. ज्याने काढलं त्याने तपासायचं नाही. ती चौकट रिकामी आहे, काका, आणि ती तशीच राहणार आहे.